वडिलांनी सांगितलेली छावणी : 'लाइफ इज ब्यूटिफुल'मधील कौटुंबिक स्मृती आणि विनोद

प्रस्तावना

रोबेर्तो बेनिनी यांनी दिग्दर्शित केलेला 'ला व्हिता ए बेल्ला' हा इटालियन चित्रपट डिसेंबर १९९७ मध्ये इटलीत प्रदर्शित झाला आणि पुढे 'लाइफ इज ब्यूटिफुल' या इंग्रजी नावाने जगभर पोहोचला. १९९८ च्या कान महोत्सवात त्याला 'ग्रां प्री' हा सन्मान मिळाला. १९९९ च्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपट, सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट संगीत अशी तीन पारितोषिके त्याने मिळवली. या यशाबरोबर एक वादही उभा राहिला. छळछावणी हा विनोदाचा विषय होऊ शकतो काय, असा त्या वादाचा सर्वसाधारण आशय होता.

या चित्रपटाविषयीचे लेखन बहुधा दोन गटांत विभागलेले दिसते. एका गटाला त्यात पितृप्रेमाची आणि त्यागाची हृदयस्पर्शी कथा दिसते, तर दुसऱ्या गटाला त्यात इतिहासाचे गोड सुलभीकरण दिसते. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट दुय्यम ठरते. ती म्हणजे या चित्रपटाचे एक मूळ दिग्दर्शकाच्या घरात, त्यांच्या वडिलांच्या आठवणींत आहे. प्रस्तुत लेखात या कौटुंबिक मुळाचा चित्रपटाच्या रूपबंधाशी असलेला संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. वडिलांकडून बेनिनी यांना कथानक मिळाले नाही, सांगण्याची रीत मिळाली, अशी या लेखाची मांडणी आहे. चित्रपटाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा उलगडा या रीतीतूनच होतो.

१. घरातून आलेली गोष्ट

बेनिनी यांचा जन्म १९५२ साली तोस्काना प्रांतातील आरेत्सो परिसरात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे वडील लुईजी बेनिनी हे दुसऱ्या महायुद्धात इटालियन सैन्यात होते. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने दोस्त राष्ट्रांशी केलेला युद्धविराम जाहीर झाला आणि कालचा मित्र असलेला जर्मनी एका दिवसात शत्रू झाला. जर्मनांनी सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिकांना पकडून श्रमछावण्यांत पाठविले. त्यांना युद्धकैद्यांचा दर्जाही दिला नाही. 'लष्करी स्थानबद्ध' अशी नवीच संज्ञा त्यांच्यासाठी वापरली गेली, त्यामुळे युद्धकैद्यांना मिळणारे संरक्षण त्यांना नाकारता आले. लुईजी बेनिनी यांनी सुमारे दोन वर्षे अशा बंदिवासात, बेर्गेन-बेल्सन येथे, काढली.

घरी परतल्यावर त्यांनी हा अनुभव आपल्या मुलांना सांगितला. मुले घाबरू नयेत म्हणून तो हसत, गमतीदार प्रसंगांच्या अंगाने सांगितला, असे बेनिनी यांनी मुलाखतींतून नमूद केले आहे. या आठवणींखेरीज औशवित्झमधून वाचलेले रोमचे ज्यू गृहस्थ रुबिनो रोमेओ सालमोनी यांच्या अनुभवांचाही चित्रपटावर प्रभाव असल्याचे सांगितले जाते. बेनिनी आणि त्यांचे सहलेखक विन्चेन्झो चेरामी यांनी मात्र यांपैकी कोणाचेही चरित्र पडद्यावर आणले नाही. चित्रपटाचा नायक ग्विदो हा ज्यू आहे, तो सैनिक नाही, आणि तो छावणीतून परतत नाही. म्हणजे लुईजी बेनिनी यांच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक तपशील येथे बदललेला आहे. टिकून राहिला आहे तो केवळ एक संबंध : भयंकर गोष्ट जाणणारा बाप आणि ती ऐकणारे लहान मूल.

हा संबंध निवेदनातही गुंफलेला आहे. चित्रपटाच्या आरंभी एक पोक्त आवाज ही कथा परीकथेसारखी असल्याचे सांगतो. तो आवाज कोणाचा, हे शेवटी कळते : ग्विदोचा मुलगा जोसुए मोठा होऊन ही कथा सांगत असतो. आपण जे पाहिले ते बापाने मुलाला जे भासविले त्याची, मुलाने पुढे जपलेली आवृत्ती आहे. घरी ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगणारा मुलगा, हे स्थान बेनिनी यांचेही आहे. चित्रपटात ते बापाची भूमिका करतात, परंतु चित्रपट रचताना ते मुलाच्या जागी उभे असतात.

२. प्रेमकथा हे केवळ पूर्वरंग नव्हे

चित्रपटाचा पूर्वार्ध १९३९ मधील आरेत्सो शहरात घडणारी प्रेमकथा आहे. ब्रेक निकामी झालेल्या मोटारीतून ग्विदो आणि त्याचा कवी मित्र शहरात येतात, डोरा ही शिक्षिका धान्याच्या कोठारावरून थेट ग्विदोच्या अंगावर पडते, आणि तो तिला 'राजकन्या' म्हणून संबोधू लागतो. तिचे लग्न एका फॅसिस्ट अधिकाऱ्याशी ठरलेले आहे. अखेर साखरपुड्याच्या मेजवानीत ग्विदो घोड्यावर बसून दालनात शिरतो आणि तिला घेऊन जातो. हा भाग हलकाफुलका व उत्तरार्धाच्या मानाने किरकोळ आहे, असे मत अनेकदा व्यक्त होते. ते मान्य होण्यासारखे नाही.

पूर्वार्धातील 'चमत्कार' कसे घडतात ते पाहावे. खिडकीतून मारिया नावाची बाई हाक ऐकताच किल्ली खाली टाकते, हे ग्विदोने आधी पाहून ठेवलेले असते. डोरासोबत असताना तो आकाशाकडे पाहून मारियाला हाक मारतो आणि स्वर्गातून पडावी तशी किल्ली खाली येते. टोपीच्या अदलाबदलीचा प्रसंगही याच जातीचा आहे. ग्विदोजवळ जादू नाही. निरीक्षण, स्मरणशक्ती आणि योग्य क्षण साधण्याचे कौशल्य एवढेच त्याच्याजवळ आहे. आजूबाजूला जे आहे त्यातूनच तो एक दुसरे जग उभे करतो. डोराही पूर्णपणे फसलेली वाटत नाही. ती या खेळात रस घेते, त्याला साथ देते. रंगविलेले जग टिकायचे तर समोरच्याची अर्धी संमती लागते, हे पूर्वार्ध प्रेक्षकाला शिकवितो. छावणीतील खेळ समजण्यासाठी हे शिक्षण आवश्यक आहे. जोसुए तेथे एकदा बापाला सांगतो की, येथे माणसांना भट्टीत जाळतात आणि त्यांच्यापासून साबण व गुंड्या बनवितात. म्हणजे मुलाच्या कानांवर सत्य आलेले आहे. बाप ते हसण्यावारी नेतो आणि मूल त्या हसण्यावर विसंबण्याचे ठरविते. जोसुएची श्रद्धा ही निव्वळ अज्ञानाची आहे, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

भरतमुनींनी शृंगारापासून हास्याची आणि रौद्रापासून करुणाची उत्पत्ती सांगितली आहे. या चित्रपटाच्या दोन भागांची रचना या दोन जोड्यांत नेमकी बसते. पूर्वार्धातील हास्य शृंगारातून येते, उत्तरार्धातील कारुण्य सत्तेच्या रौद्र रूपातून येते. बेनिनी यांचे वैशिष्ट्य असे की, पूर्वार्धातील हास्याची साधने ते जशीच्या तशी उत्तरार्धात नेतात आणि तेथे त्यांचा रस पालटतो. ऑपेरागृहात ग्विदोने डोराकडे एकटक पाहत ऐकलेले ओफेनबाख यांचे 'बार्कारोल' छावणीच्या काळोखात पुन्हा वाजते, तेव्हा ते विभक्त पत्नीला 'मी जिवंत आहे' असे सांगणारे साधन असते. डॉक्टर लेसिंग आणि ग्विदो यांच्यातील कोड्यांचा खेळ हे याचे अधिक कठोर उदाहरण होय. हॉटेलात तो दोन बुद्धिमान माणसांचा स्नेह असतो. छावणीत तोच डॉक्टर ग्विदोला घाईने बाजूला घेतो. तो सुटकेचा मार्ग सांगणार, असे आपल्याला वाटते, आणि त्याला हवे असते एका न सुटलेल्या कोड्याचे उत्तर. ग्विदोच्या चेहऱ्यावरील हास्य त्या क्षणी विझते. चातुर्य आणि माणुसकी यांचा अपरिहार्य संबंध नसतो, हे सत्य कोणत्याही क्रूर दृश्याविना येथे व्यक्त झाले आहे.

पूर्वार्ध निरागस नाही याची आणखीही प्रमाणे आहेत. बनावट निरीक्षक होऊन शाळेत आलेला ग्विदो टेबलावर चढून आपला कान आणि बेंबी दाखवीत 'श्रेष्ठ वंशा'चे व्याख्यान देतो. काकांच्या घोड्यावर हिरवा रंग फासून त्यावर 'ज्यू घोडा' असे लिहिले जाते. साखरपुड्याच्या मेजवानीत मुख्याध्यापिका जर्मनीतील शाळेतले एक गणित सांगते : अपंग आणि मनोरुग्ण यांना नष्ट केल्यास सरकारची किती बचत होईल? डोरा हादरते. इतक्या लहान मुलांना एवढे अवघड गणित येते, याचेच मुख्याध्यापिकेला आश्चर्य वाटते. शिक्षण क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही या प्रसंगातील विनोद अस्वस्थ करणारा आहे. छावणीची पूर्वतयारी वर्गात झाली होती, हे तो सुचवितो.

३. भाषांतराचा प्रसंग

चित्रपटातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग भाषांतराचा आहे. जर्मन अधिकारी बराकीत येऊन नियम सांगणार असतो आणि दुभाषी मागतो. जर्मनचा एक शब्दही न येणारा ग्विदो पुढे होतो आणि त्या गर्जनांचे 'भाषांतर' एका खेळाच्या नियमांत करतो. एक हजार गुण मिळविणाऱ्यास खराखुरा रणगाडा मिळेल. जो रडेल, आईकडे जायचे म्हणेल किंवा खाऊ मागेल त्याचे गुण जातील. प्रेक्षक येथे मनापासून हसतो.

या प्रसंगाशेजारी प्रीमो लेव्ही यांची साक्ष ठेवली असता त्याचा दुसरा अर्थ समोर येतो. औशवित्झमधून वाचलेले हे इटालियन ज्यू लेखक १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या निबंधग्रंथात संवादाच्या प्रश्नाला एक स्वतंत्र प्रकरण देतात. जर्मन न समजणारे बहुतेक इटालियन कैदी पहिल्या काही दिवसांतच मेले. आज्ञा न समजणे म्हणजे मार खाणे, भाकरीला मुकणे आणि अखेर मरणे होते, असे ते सांगतात. ग्विदो आपल्या मुलाला वाचवितो, परंतु त्याच क्षणी बराकीतील उरलेल्या सर्वांना तो छावणीच्या नियमांपासून वंचित ठेवतो. लेव्ही यांच्या साक्षीनुसार ते नियम कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

चित्रपटाला याची जाणीव अगदीच नाही असे नव्हे. प्रसंगानंतर ग्विदो सोबत्याला सांगतो की, खरे काय ते बार्तोलोमेओला विचार. मात्र हा धागा तेथेच सोडून दिला जातो. येथे कौटुंबिक कथनरीतीची मर्यादा दिसते. घरी मुलांना गोष्ट सांगणाऱ्या बापासमोर फक्त त्याची मुले असतात. बराकीत मात्र एका मुलाबरोबर अनेक प्रौढ आहेत आणि त्यांनाही ऐकण्याचा हक्क आहे. घरात वात्सल्य ठरणारी कथनरीती छावणीत इतरांच्या वाट्याचे शब्द घेते. त्यांच्यापैकी कोणीही ग्विदोला जाब विचारीत नाही, ही पटकथेने नायकाला दिलेली सवलत आहे.

४. साक्षीदार नसलेले प्रसंग

निवेदक जोसुए आहे, हे मान्य केल्यावर एक प्रश्न अपरिहार्यपणे उद्भवतो : जे जोसुएने पाहिलेले नाही, ते कोण सांगतो? असे तीन प्रसंग महत्त्वाचे आहेत. पहिला, एलिसेओ काकांचा शेवट. वायुकोठडीपूर्वी कपडे उतरविण्याच्या दालनात एक जर्मन स्त्री-रक्षक अडखळते आणि हा वृद्ध, सुसंस्कृत माणूस तिला सावरत 'लागले तर नाही ना?' अशा आशयाची चौकशी करतो. ती निर्विकारपणे पाहत राहते. दुसरा, धुक्यात प्रेतांचा ढीग दिसतो तो प्रसंग. तेव्हा मूल बापाच्या खांद्यावर झोपलेले असते. तिसरा, ग्विदोचा मृत्यू. पेटीत लपलेल्या मुलासमोरून ग्विदो विदूषकी संचलन करीत, डोळा मिचकावीत जातो. मुलाने पाहिलेले तेवढेच. पुढे सैनिक त्याला आडोशाला नेतो, गोळ्यांचा आवाज येतो आणि सैनिक एकटाच परततो.

या तिन्ही प्रसंगांत विनोद नाही, ही बाब महत्त्वाची आहे. मुलाची नजर आहे तोवर खेळ आहे, ती नजर मिटली की खेळ थांबतो. विनोद कोणासाठी आहे आणि कोठे थांबला पाहिजे, याचे भान दिग्दर्शकाला आहे, याचा हा सर्वांत सबळ पुरावा होय. बापाने न सांगितलेला भाग मुलाला मोठेपणी स्वतःच भरून काढावा लागतो. धुक्यातला प्रेतांचा ढीग रंगविलेल्या पडद्यासारखा भासतो. त्याला कृत्रिम म्हणता येईल, परंतु कधीही न पाहिलेल्या गोष्टीची मुलाने पुढे केलेली कल्पना म्हणून तो समर्थनीय ठरतो.

१९५९ च्या मारिओ मोनिचेल्ली यांच्या 'ला ग्रांदे ग्वेर्रा' या चित्रपटात दोन कामचुकार सैनिकांची प्रहसनात्मक कथा अखेर गोळीबाराने संपते. विनोदाची वाट मृत्यूपर्यंत नेण्याची ही इटालियन परंपरा बेनिनी यांच्यामागे आहे. ग्विदो वाचला असता तर चित्रपट असत्य ठरला असता. तो विनोद करता करता मरतो, पण त्याचे मरण विनोदी केले जात नाही.

५. उसना घेतलेला अनुभव

यानंतर सर्वांत अवघड प्रश्न उरतो. लुईजी बेनिनी यांच्या वाट्याला आलेला बंदिवास आणि ज्यूंचा संहार या एकाच गोष्टी नव्हेत. स्थानबद्ध सैनिकांना उपासमार, सक्तीचे श्रम आणि मृत्यू यांना तोंड द्यावे लागले, हे खरे. तथापि त्यांना एक वंश म्हणून मुलाबाळांसह नष्ट करण्याची योजना नव्हती. इटलीतून सात हजारांहून अधिक ज्यूंना छावण्यांत नेण्यात आले. त्यांतील बहुसंख्य औशवित्झमध्ये पोहोचले आणि परतणाऱ्यांची संख्या फारच थोडी होती. तेथे लहान मुलांना बहुधा येताक्षणीच मारले जाई, बराकीत लपविण्याची संधीच नसे. परतलेल्या सैनिकाचा विनोद न परतलेल्या ज्यू बापाच्या तोंडी घालणे, ही या चित्रपटाची मूलभूत कृती आहे आणि ती निर्धोक नाही.

'माउस' या चित्रकादंबरीचे कर्ते आर्ट स्पीगेलमन यांनी या चित्रपटावर तीव्र टीका केली. 'माउस' हेदेखील वडिलांच्या छावणीतील आठवणी मुलाने सांगण्याचेच उदाहरण आहे. तेथे मुलगा वडिलांना प्रश्न विचारतो, त्यांचा चिडखोरपणा व कंजूषपणा लपवीत नाही आणि ऐकण्याची प्रक्रियाच कथेचा भाग करतो. बेनिनी यांच्या चित्रपटातील मुलगा बापाला केवळ कृतज्ञतेने आठवितो. दुसऱ्या बाजूला, वयाच्या चौदाव्या वर्षी औशवित्झला नेलेले आणि पुढे २००२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस यांनी १९९८ च्या एका निबंधात या चित्रपटाची बाजू घेतली. छावणीच्या बाह्य तपशिलांच्या हुबेहूबपणापेक्षा तिच्या आत्म्याशी असलेले इमान त्यांना महत्त्वाचे वाटले. स्वतः वाचलेल्या माणसाचे हे मत सहज बाजूला सारता येत नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या मते खरी अडचण छावणीच्या चित्रणाइतकीच पूर्वार्धातील एका गाळलेल्या जागेत आहे. घोड्यावरून पळून आलेले ग्विदो आणि डोरा रोपांच्या काचघरात शिरतात, कॅमेरा बाहेरच थांबतो आणि त्याच दारातून छोटा जोसुए बाहेर येतो. मधली वर्षे एका उंबरठ्यावर संपतात. चित्रपटकलेच्या दृष्टीने हा अतिशय सुंदर क्षण आहे. मात्र इटलीच्या नोव्हेंबर १९३८ च्या वंशविषयक कायद्याने 'आर्य' इटालियन नागरिक आणि ज्यू यांच्या विवाहावर बंदी घातली होती. १९३९ नंतर ग्विदो आणि डोरा यांचा नागरी कायद्याने मान्य विवाह होणे शक्यच नव्हते. ही बंदी जर्मनांनी लादलेली नव्हती, ती इटलीच्या स्वतःच्या शासनाने घातली होती आणि तिच्यावर इटलीच्या राजाची स्वाक्षरी होती. प्रेमकथेतील सर्वांत मोठा अडथळा चित्रपट अशा रीतीने एका सुंदर जोडणीखाली झाकून टाकतो. हिरव्या घोड्याचा अपमान दाखविणारा दिग्दर्शक कायद्याचे कलम दाखवीत नाही, कारण अपमानावर विनोदाने मात करता येते, कलमावर करता येत नाही.

याउलट डोराचे पात्र या कसोटीवर अधिक उजळते. पती आणि मुलगा गाडीत आहेत हे कळल्यावर, स्वतः ज्यू नसताना, ती आपल्यालाही चढू द्यावे अशी मागणी करते. तिच्या या कृतीत खेळ नाही, कल्पकता नाही, हास्य नाही. चित्रपटभर ग्विदो वास्तवाला दुसरे नाव देत राहतो. डोरा मात्र वास्तवाला त्याच्याच नावाने ओळखून त्यात प्रवेश करते. ग्विदोच्या त्यागावर पुष्कळ लिहिले जाते, तितके डोराच्या या पावलावर लिहिले जात नाही. कदाचित ती गोष्ट सांगत नाही, म्हणून ती कथेच्या कडेला राहते.

समारोप

'लाइफ इज ब्यूटिफुल' हा छावणीचा इतिहास म्हणून पाहिल्यास तो उणा ठरेल. केवळ पितृत्यागाची कथा म्हणून पाहिल्यास त्याच्यातील अवघड प्रश्न नजरेआड होतील. यातना भोगलेल्या पिढीने पुढील पिढीला ती कशी सांगितली आणि त्या सांगण्यातून काय वाचले, काय हरवले, याचा चित्रपट म्हणून त्याच्याकडे पाहणे अधिक फलदायी आहे. वाचले ते मुलाचे बालपण. हरवले ते काकांचे स्मरण, बराकीतील इतरांचे ऐकण्याचे हक्क आणि आपल्याच देशाच्या कायद्याचा उल्लेख.

अखेरीस अमेरिकन रणगाडा येतो, जोसुएला बक्षीस मिळाल्याचा आनंद होतो आणि आईच्या कडेवर तो 'आपण जिंकलो' म्हणून हात उंचावतो. हा आनंद मुलाचा आहे. त्या दृश्यावरचा कृतज्ञ आवाज मात्र सारे काही समजलेल्या प्रौढाचा आहे. या प्रौढाने आपल्या मुलांना पुढे काय सांगितले असेल, हे चित्रपट सांगत नाही. लुईजी बेनिनी यांनी मुलांना हसविले, कारण ती लहान होती. मुले मोठी झाल्यावर त्या हसण्यामागचे शोधून काढणे ही त्यांची जबाबदारी असते. ही जबाबदारी चित्रपट अर्धीच पार पाडतो. उरलेला अर्धा भाग इतिहासाच्या वाचनाने पूर्ण करणे हे प्रेक्षकाचे, आणि हा चित्रपट वर्गात दाखविणाऱ्या अध्यापकाचे, काम आहे.